‘सापडला नाही’ की ‘मला सापडला नाही’? जिओकॅशिंगच्या नोंदींसाठी शब्द हवा

नदीकाठ
जर्मनीतील आमच्या मराठी मंडळाच्या सहलीत यंदा आजी-आजोबांसह सर्वांना जिओकॅशिंग शिकवायचे ठरले असून त्याचे मराठी माहितीपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कोणीतरी डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर द्यायचे, इतरांनी जीपीएसच्या आधारे तो शोधून आतल्या वहीत सही करायची आणि मग संकेतस्थळावर तशी नोंद करायची, असा हा खेळ आहे. ‘फाउंड इट’साठी मी ‘सापडला’ लिहिले. गाडी अडली ती ‘डिडन्ट फाइंड इट’पाशी, ज्याला सगळे डीएनएफ म्हणतात. ‘सापडला नाही’ असे लिहिल्यावर मंडळातील एका काकांनी विचारले, “म्हणजे डबा हरवल्याचे कळवायचे ना?” तसे मुळीच नाही, डब्याची दुरुस्ती किंवा तपासणी हवी असल्यास त्यासाठी वेगळी नोंद असते. हा फरक दाखवणारा शब्द कोणी सुचवेल का?

अनाग्रही
नवा शब्द कशाला हवा? गाळलेला ‘मला’ परत आणावा. ‘मला सापडला नाही’ हे शोधणाऱ्याविषयीचे विधान आहे आणि ‘सापडला नाही’ म्हटले की ते डब्याविषयीचे होते. पोलिसांच्या भाषेत ‘आरोपी सापडला नाही’ म्हटल्यावर पोलिसांची शोधाशोध कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, आरोपीचे फरार असणेच येते.

मीमांसक
यासाठी आपल्याकडे तयार संज्ञा आहे: अनुपलब्धी. कुमारिल भट्टांच्या परंपरेत आणि अद्वैत वेदान्तात ते सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आहे. तेथे अटही आहे, की वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. तरच तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. या खेळात काठिण्याची श्रेणी 1 ते 5 अशी असते. श्रेणी 1 च्या डब्यावर ओळीने तीन-चार डीएनएफ पडले, तर मालकाने जाऊन पाहावे. श्रेणी 5 च्या डब्यावर तितकेच पडले, तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

कोथरूडची_सून
विवेचन सुंदर आहे, परंतु ‘अनुपलब्ध’ हा शब्द आजींनी आजवर केवळ औषधाच्या दुकानातील चिठ्ठीवर वाचलेला असेल. शिवाय ‘जिओकॅशिंग’ असे देवनागरीत वाचून त्यांना मोबाइलच्या रिचार्जवरील कॅशबॅक आठवणार नाही, याची खात्री आधी करून घ्यावी.

रानोमाळ
नावाचा घोळ जन्मापासूनचा आहे. जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकी सरकारने मे 2000 च्या आरंभी काढून टाकली आणि लगेच, 3 मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवली. तेव्हा या खेळाला ‘स्टॅश हंट’ म्हणत. परंतु ‘स्टॅश’ला अमली पदार्थांचा वास येतो म्हणून त्याच महिन्यात ‘कॅश’ हा शब्द पुढे आला, जो फ्रेंचमधील ‘लपवणे’ या क्रियापदाशी जोडलेला आहे. मराठीत ‘गुप्तधन’ म्हणू नये, एवढी माझी विनंती आहे. तो शब्द ऐकताच लोक कुदळी घेऊन निघतील आणि या खेळात डबा पुरायचा नाही, असा दंडक आहे.

शब्दवेल्हाळ
‘गवसला’ आणि ‘गवसला नाही’ ही जोडी का नको? ‘गवेषण’ म्हणजे शोध, मुळात गाईंचा शोध. त्यामुळे ‘गवसणे’ या शब्दातच शोधाचे कष्ट आहेत. ‘सापडणे’ काय, रस्त्यात नाणेही सापडते.

अनाग्रही
व्युत्पत्ती मान्य केली, तरी वापर नेमका उलटा आहे. ‘अवचित गवसले’ असे आपण सर्रास म्हणतो. तेथे कष्ट कोठे आहेत?

शब्दवेल्हाळ
मग ‘आकाशाला गवसणी’ या प्रयोगाचे काय करणार?

मीमांसक
ती गवसणी म्हणजे वाद्यावरची खोळ, तिचा येथे संबंध नाही. कृपया मुद्द्यावर यावे.

नदीकाठ
धन्यवाद. मुद्दा शिष्टाचाराचाही आहे. अनेकांना डीएनएफ लिहिणे कमीपणाचे वाटते आणि ते काही न लिहिता घरी जातात. त्यामुळे डबा खरोखरच गेला असला, तरी मालकाला पत्ता लागत नाही आणि पुढचे लोक पावसात त्याच झुडपात हात घालत राहतात. शब्दात अपयशाचा सूर नको, तो यासाठी.

कोथरूडची_सून
मग ‘शोधला, मिळाला नाही’ असे सरळ लिहावे. ‘शोधला’ आधी आल्याने श्रमही नोंदले जातात आणि वाहनतळावरूनच परत फिरलेल्याला हे लिहिता येत नाही.

रानोमाळ
त्यावर तर खेळाडूंमध्येच एकमत नाही. वाटेत ओढ्याला पूर आला म्हणून परतलो, तर काही जण डीएनएफ लिहितात, काही जण नुसते टिपण लिहितात. मी टिपणाच्या बाजूचा आहे. याहून वाईट रीत म्हणजे डबा मिळाला नाही की स्वतःजवळची डबी तेथे ठेवायची, तिच्यातल्या कागदावर सही करायची आणि ‘सापडला’ म्हणून मोकळे व्हायचे. इंग्रजीत याला ‘थ्रोडाउन’ म्हणतात. मूळ डबा जागेवरच असला, तर एका ठिकाणी दोन डबे होतात आणि निस्तरावे लागते बिचाऱ्या मालकाला. मराठीत याला काय म्हणावे?

शब्दवेल्हाळ
तोतया डबा! पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, तसाच हा.

कोथरूडची_सून
‘तोतया’ माझ्याकडून मंजूर. मात्र, वर ‘डीएनएफ पडले’ असा पुल्लिंगी प्रयोग केला आहे, तो खटकला. नोंद स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘डीएनएफ टाकली’ असेच हवे.

रानोमाळ
नोंदीला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणतात आणि ‘लॉग’ पुल्लिंगी असल्याने ‘डीएनएफ टाकला’. आमच्या गटातले सर्व मराठी खेळाडू असेच बोलतात.

मीमांसक
कोणत्या गटात काय बोलतात, यावर लिंग ठरत नसते. आद्याक्षरी संज्ञांना मराठीत नपुंसकलिंगी मानावे.

कोथरूडची_सून
मग ‘एसटी आले’ म्हणणार का?