‘डेटा काढला’ की ‘उतारा काढला’?

प्रश्न: विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहितोय. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या दहाएक ओळींत, गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या एपीआयकडून (प्रोग्रामला माहिती देणाऱ्या खिडकीकडून) आपल्याच खात्याची माहिती मागवायची: नाव, खातं कधी उघडलं, रेपॉझिटरी (एकेका प्रकल्पाच्या फाइलींचे साठे) कोणकोणत्या. मी लिहिलं, ‘ही स्क्रिप्ट खात्यातून डेटा काढते.’ एका विद्यार्थिनीने काळजीने विचारलं, ‘सर, मग खात्यात काय उरतं?’ दुसरा शब्द सुचवा. ‘पुनर्प्राप्ती’ नको, त्यात काहीतरी हरवल्याचा भास होतो.

उत्तर: तिची शंका रास्त आहे. घोळ ‘काढणे’चा नाही, ‘तून’चा आहे. बँकेतून पैसे काढले की शिल्लक घटते. पण फोटो काढला, झेरॉक्स काढली, सातबारा काढला, तर मूळ वस्तू जागच्या जागी राहते. म्हणून ‘खात्याचा उतारा काढणे’ म्हणा. फळ्यावरचं वहीत उतरवून घेतो, त्याच क्रियापदाचा हा शब्द. तलाठ्याच्या दप्तराने तो घरोघर पोचवलाय आणि मला तो मनापासून आवडतो.

साम्य आणखी खोल आहे. सातबारा एका गटाचा, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याचा असतो. 8-अ हा खातेउतारा, म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी एकत्र. एका रेपॉझिटरीची माहिती मागवली तर तो सातबारा, खात्यावरच्या सगळ्यांची यादी मागवली तर 8-अ. शेतकऱ्याच्या मुलांना हे एका वाक्यात कळेल.

दुसरं मत: उतारा विषावरही असतो, दृष्ट काढतानाही असतो.

उत्तर: असतो. पण ‘खात्याचा उतारा’ म्हटल्यावर कोणाला विष आठवत नाही.

प्रश्नकर्ता: पटलं. मग स्क्रिप्ट एपीआयला पाठवते त्या ‘रिक्वेस्ट’ला ‘मागणी’? आणि ओळख पटवायला सोबत द्यायचं टोकन?

उत्तर: ‘मागणी’ चालेल. टोकन तसंच ठेवा. बँकेतल्या पितळी बिल्ल्यापासून तो शब्द आपलाच आहे. फक्त हे टोकन गुप्त ठेवायचं असतं, कोडमध्ये लिहून ठेवायचं नसतं, हे ठळक सांगा. टोकनशिवाय तासाला 60 मागण्या करता येतात, टोकन दाखवलं की 5000. पण टोकनशिवाय फक्त सार्वजनिक माहिती मिळते. ‘माझं खातं’ म्हणून मागाल तर 401 हा एरर कोड येतो, म्हणजे ओळख पटली नाही.

आणि ‘पान’ हा शब्द मुळीच बदलू नका. यादी एका वेळी 30 नोंदींची येते, सांगितलं तर 100 पर्यंत; ते एक पान. पुढचं पान मागितलंच नाही, तर उतारा अर्धवट राहतो आणि स्क्रिप्ट चूकही दाखवत नाही.

प्रश्नकर्ता: वाक्य बदललं: ‘ही स्क्रिप्ट खात्याचा उतारा पानापानाने मागवते.’