दार तुम्हीच बंद केले, मग रिकाम्या टेबलाचा दंड आमच्याकडून कशाचा?

फ्लोरिडातला वैदर्भीय यांनी काल लिहिले होते: "थीम पार्कच्या उपाहारगृहात टेबल राखून ठेवायचे आणि जायचेच नाही, ही आपल्या लोकांची सवय दंडाशिवाय मोडणार नाही. डिस्ने वर्ल्डमध्ये न येणाऱ्याचे माणशी 10 डॉलर कापतात, ते योग्यच आहे. गर्दीमुळे उद्यानाचे दार बंद झाले तरी दंड भरावाच लागला पाहिजे. सुटीच्या दिवशी पहाटे उठून रांगेत लागणे ही ज्याची त्याची जबाबदारी आहे."

वर्धारोडकरीण:
हे वाचून मला राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. नो-शोच्या दंडाला माझा विरोध नाही. टेबल अडवून न जाणाऱ्याने पैसे मोजावेत, हे मला पूर्ण मान्य आहे. माझा विरोध तुमच्या टिपणातल्या शेवटच्या दोन वाक्यांना आहे.

गेल्या नाताळात आम्ही सहाजण दिरांकडे गेलो होतो. तिथल्या एका मोठ्या उद्यानाची तिकिटे आणि आतल्या उपाहारगृहातले एक वाजताचे टेबल, दोन्ही त्याच उद्यानाच्या अ‍ॅपवरून घेतले होते आणि टेबलासाठी माणशी 500 रुपये कार्डावर अडकवून ठेवले होते. पावणेअकराला पोचलो, तेव्हा पार्किंगच्या तोंडाशी साखळी लावलेली होती आणि रखवालदार प्रत्येक गाडीच्या काचेशी वाकून "आज क्षमता पूर्ण झाली" एवढेच सांगत होता. मी तिथेच उभी राहून टेबल रद्द करायला गेले, तर रद्द करण्याची मुदत आदल्या दिवशीच संपल्याचे अ‍ॅपने दाखवले. हेल्पलाइन शेवटपर्यंत लागली नाही. बहात्तर वर्षांच्या सासूबाई रस्त्याकडेच्या झाडाखाली माझी ओढणी अंथरून बसल्या होत्या. एक वाजून वीस मिनिटांनी फोनवर संदेश आला, की आपण न आल्यामुळे 3,000 रुपये वळते करण्यात आले आहेत. "न आल्यामुळे" हा शब्द मला अजून सलतो. आम्ही आलो होतो. आम्हाला आत घेतले गेले नाही.

दार आणि टेबल एकाच मालकाचे असताना, त्याने स्वतःच दार लावून टेबल रिकामे राहिल्याची भरपाई आमच्याकडून मागावी, यात न्याय कोणता, ते सांगावे.

फ्लोरिडातला वैदर्भीय:
ताई, त्रास झाला हे मान्य, पण पावणेअकरा ही नाताळात पोचण्याची वेळ नव्हे. इथे डिस्ने वर्ल्डमधले मॅजिक किंग्डम हे उद्यान नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात टप्प्याटप्प्याने बंद होत आलेले आहे. आधी एक दिवसाच्या तिकीटवाल्यांना थांबवायचे आणि त्यांच्याच हॉटेलांत उतरलेल्यांना शेवटपर्यंत आत घ्यायचे, ही पद्धत इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. शिवाय इथे टेबल रद्द करण्याची मुदत पूर्वी आदल्या दिवसापर्यंत होती, ती आता दोन तास आधीपर्यंत आणली आहे. इतकी सवलत मिळूनही ज्याला रद्द करता येत नाही, त्याची दया मला येत नाही.

वर्धारोडकरीण:
दोन तासांची मुदत असती तर मी पावणेअकरालाच टेबल सोडून दिले असते आणि माझा एक रुपयाही गेला नसता. म्हणजे तुमचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. दयेचे म्हणाल, तर ती मी मागितलेली नाही.

धरमपेठेची अन्नपूर्णा:
मी चौदा टेबलांचे हॉटेल चालवते, म्हणून दुसरी बाजूही मांडते. मागे एका 31 डिसेंबरला बावीस जणांनी नऊ वाजताचे सांगून ठेवले होते. पाच किलो मटण सकाळीच आणले, मसाला भाजून वाटला, चार टेबले जोडून ठेवली आणि दारात उभ्या असलेल्या दोन कुटुंबांना हात जोडून परत पाठवले. साडेनऊला मीच फोन केला, तेव्हा पलीकडून उत्तर आले, "आम्ही दुसरीकडे बसलो, तुम्हाला कळवायचे राहिले." त्या रात्री रस्सा पातेल्यात तसाच राहिला आणि पोळ्या करणाऱ्या दोन बायकांची मजुरी मी पदरची दिली. आपल्या नागपुरात तीन ठिकाणी टेबल सांगून ठेवायचे आणि संध्याकाळी मन होईल तिकडे जायचे, याला लोक हुशारी समजतात. तेव्हापासून मी माणशी 200 रुपये आगाऊ घेते आणि कोणी कंजूष म्हटले तरी घेतच राहणार आहे. ताईंसारख्या एका प्रकरणावरून सगळा दंडच अन्यायाचा ठरू लागला, तर आमच्यासारख्यांनी काय करायचे?

काटोल रोडचा शेतकरी:
अन्नपूर्णाताईंचे अक्षर न् अक्षर खरे आहे. मी डिसेंबर-जानेवारीत शेतावर हुरडा पार्टी करतो. कणसे सकाळी कापावी लागतात, कारण दाणा कोवळा आणि दुधाळ असेल तरच आगटीतून काढून हातावर चोळल्याबरोबर सुटतो. दुसऱ्या दिवशी तोच दाणा निबर होतो आणि पुन्हा ज्वारीच्या ताटावर चिकटवता येत नाही. चाळीस माणसे म्हणून सांगितले आणि अकराच आली, असे माझ्याकडे एकाच हंगामात तीनदा झाले. आगाऊ मागितले, तर म्हणतात, "भाऊ, आपला विश्वास नाही का?" हॉटेलवाल्याचे मटण निदान फ्रीजमध्ये राहते, माझ्या कणसांचे काय?

धरमपेठेची अन्नपूर्णा:
दादा, फ्रीजमधले मटण दुसऱ्या दिवशी ताटात वाढणारी मी नव्हे. शब्द जपून वापरावेत.

काटोल रोडचा शेतकरी:
तसे म्हणायचे नव्हते, शब्द मागे घेतो. पण शेतमालाचे नुकसान शहरातल्या माणसाला नुकसान वाटतच नाही, हे म्हणणे मागे घेणार नाही. लग्नाचे पान मोजताना हेच लोक पन्नास पाने वाढवून सांगतात, कारण कमी पडल्यास स्वतःची अब्रू जाते. हुरड्याला मात्र कमी आले तर कोणाचेच काही जात नाही, फक्त माझे जाते.

ताडोबाप्रेमी:
हुरडा आणि लग्नाची पाने बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येतो. ताडोब्याची सफारी चुकली तर आपण पैसे परत मागत नाही. जिप्सी ठरलेली असते, गाइड ठरलेला असतो, आपण वेळेत गेटवर पोचलो नाही तर तो आपलाच दोष असतो. मग उद्यानाच्या बाबतीतच एवढी तक्रार का?

वर्धारोडकरीण:
कारण ताडोब्यात प्रत्येक गेटवर किती गाड्या सोडायच्या ते आधीच ठरलेले असते आणि तेवढीच बुकिंगे घेतली जातात. माझ्या नावाचा परवाना असताना "आज जंगल भरले" असे सांगून मला गेटवरून कोणी परत पाठवत नाही. उद्यानाने मात्र कोणत्याही दिवशी चालणारी तिकिटे मोजदाद न ठेवता विकली, वर आतली टेबलेही विकली आणि मग साखळी लावली. डिस्ने वर्ल्डने 2020 मध्ये तिकिटाबरोबर त्या दिवसाच्या प्रवेशाचेही आरक्षण सक्तीचे केले होते आणि ठरावीक तारखेच्या तिकिटांसाठी ते 9 जानेवारी 2024 पासून काढून टाकले. म्हणजे किती माणसे येणार ते आधी मोजता येते, हे उद्यान चालवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.

सिव्हिल लाइन्स:
वकिली करतो, म्हणून कायद्यापुरते बोलतो. भारतीय करार कायदा, 1872 यातले कलम 53 सांगते, की परस्परांना दिलेल्या वचनांच्या करारात एका पक्षाने दुसऱ्याला त्याचे वचन पाळण्यापासून रोखले, तर रोखल्या गेलेल्या पक्षाला तो करार रद्द करता येतो आणि नुकसानभरपाईही मागता येते. दार आणि टेबल एकाच मालकाचे असेल, तर ताईंची बाजू इथेच भक्कम होते. कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी रास्त भरपाईपलीकडे वसुली करता येत नाही. भरलेल्या उद्यानात ते टेबल पाच मिनिटांत दुसऱ्याला दिले गेले असेल, तर भरपाई नेमकी कशाची, हा प्रश्न उरतोच.

अडचण वेगळीच आहे. अनेक उद्यानांतली उपाहारगृहे बाहेरच्या कंपन्या चालवतात. डिस्ने वर्ल्डच्याच एप्कॉट या उद्यानातल्या इटली विभागातली तशीच आहेत. तिथे दार बंद करणारा एक आणि टेबल गमावणारा दुसरा. अशा वेळी मला 1903 चा क्रेल विरुद्ध हेन्री हा इंग्लंडमधला निकाल आठवतो. राज्याभिषेकाची मिरवणूक पाहण्यासाठी लंडनमधल्या पॉल मॉलवरच्या खोल्या दोन दिवसांसाठी 75 पौंडांना घेतल्या होत्या. राजा आजारी पडला, मिरवणूक पुढे ढकलली गेली आणि उरलेले 50 पौंड भाडेकऱ्याकडून मागता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. खोल्या जागेवरच होत्या, पण ज्यासाठी घेतल्या तेच घडले नाही.

फ्लोरिडातला वैदर्भीय:
वकीलसाहेब, तिथे मिरवणूकच निघाली नव्हती. इथे उद्यान सुरू होते, आत हजारो माणसे होती आणि उपाहारगृहही चालू होते. ताई तेवढ्या आत नव्हत्या. दोन्हींची तुलना मला पटत नाही.

सिव्हिल लाइन्स:
हा फरक खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. कलम 53 ला मात्र त्याने बाध येत नाही.

धरमपेठेची अन्नपूर्णा:
बाहेरच्या कंपनीचा मुद्दा निघालाच आहे, तर सांगते. टेबल रिकामे राहिल्याचे नुकसान माझ्यासारखीने का सोसावे? उद्यानाने दार लावले, तर उद्यानाने मला भरून द्यावे. ग्राहकाला पैसे परत करायचे आणि हॉटेलवाल्याला वाऱ्यावर सोडायचे, ही वाटणी मला मान्य नाही.

वर्धारोडकरीण:
अन्नपूर्णाताई, तुम्हाला एक सरळ प्रश्न विचारते. हिवाळी अधिवेशनात मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवतात, पोलीस आजूबाजूचे रस्ते बंद करतात आणि अर्धे शहर जागच्या जागी थांबते. अशा दिवशी तुमच्याकडे टेबल सांगितलेला माणूस सीताबर्डीत अडकून पडला, तर त्याचे 200 रुपये तुम्ही ठेवता का?

धरमपेठेची अन्नपूर्णा:
खरे तेच सांगते. गेल्या अधिवेशनात आठ जणांचे असेच झाले. त्यांनी व्हरायटी चौकातून फोन केला, मागून हॉर्न आणि घोषणा मला ऐकू येत होत्या. 1,600 रुपये परत केले. मनापासून केले असे म्हणणार नाही, कारण त्यांच्यासाठी वेगळी काढलेली भाकरी आणि भाजी वायाच गेली. पण ते घरातून निघाले होते आणि त्यांनी फोन केला होता. ज्यांनी फोनही केला नाही, त्या बावीस जणांत आणि यांच्यात मी फरक करते.

वर्धारोडकरीण:
रस्ता तुम्ही बंद केला नव्हता, तरी तुम्ही पैसे परत केलेत. उद्यानाने स्वतः दार बंद करूनही माझे ठेवले. माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते तुमच्याच वागण्यात दिसते.

काटोल रोडचा शेतकरी:
मी परत केले नसते. माझ्याकडे चौदा टेबले नाहीत, वर्षातून सात आठवड्यांचा हंगाम असतो. ज्वारी मोर्च्यासाठी थांबत नाही.

फ्लोरिडातला वैदर्भीय:
ठीक आहे. उद्यानाने पूर्ण प्रवेशबंदी जाहीर केल्यानंतरच्या वेळेचा दंड घेऊ नये, एवढे मी मान्य करतो. माझ्या टिपणातले "तरी दंड भरावाच लागला पाहिजे" हे वाक्य चुकीचे होते. पण उद्या प्रत्येक जण "आम्ही दाराशीच होतो" असे म्हणू लागेल, त्याचा निवाडा कोण करणार?

वर्धारोडकरीण:
उद्यानच करू शकते. साखळी किती वाजता लावली आणि किती वाजता काढली, याची नोंद त्यांच्याकडे असते. माझे तिकीट त्या दिवशी वापरले गेले नाही, हे त्यांच्या यंत्रात दिसते. टेबलाचे आरक्षणही त्याच अ‍ॅपमध्ये आहे. साखळी लावलेल्या वेळेत येणाऱ्या ज्या टेबलांच्या तिकिटांवर प्रवेशाची नोंद नाही, तेवढी टेबले दंडातून वगळायची. माझ्या तक्रारीच्या मेलमध्ये मी हेच लिहिले आहे आणि सोबत साखळीचा फोटो जोडला आहे. त्यात रखवालदाराच्या मागच्या फलकावर क्षमता पूर्ण झाल्याचे स्पष्ट वाचता येते आणि फोटोवर 10 वाजून 52 मिनिटांची वेळ आहे. मेल पाठवून एकोणीस दिवस झाले, अजून उत्तर आलेले नाही.

सिव्हिल लाइन्स:
तो फोटो आणि दंडाचा संदेश, दोन्ही जपून ठेवा. उत्तर आले नाही, तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येईल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार दाखल होते, त्यासाठी तुम्हाला त्या शहरात जावे लागणार नाही. मसुदा मी पाहून देईन.