करार ३१ ऑगस्टला संपतो, ताबा १५ सप्टेंबरला? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-७०४: कोणी जाणकार आहे का? आमच्या भाडेकरूंचा करार ३१ ऑगस्टला संपतोय. काल रात्री साडेअकराला मेसेज, "नवीन घराचं काम राहिलंय, १५ सप्टेंबरपर्यंत थांबतो." विचारलं नाही, सांगितलं. नवीन पार्टीला मी १ तारखेचा शब्द दिलाय, टोकनही घेतलंय. एजंट फोन उचलत नाही.

ए-११०३: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम २४. मुदत संपूनही राहिले तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. स्पष्ट सांगा त्यांना.

सी-५०२: काका, कलम बरोबर आहे. पण सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे अर्ज ऐकणारा सरकारी अधिकारी) अर्ज करून आदेश हातात येईपर्यंत १५ सप्टेंबर कधीच उलटलेला असेल. ताई, नवीन करार नोंदवून झालाय का?

बी-७०४: नाही. नोंदणीसाठी अंगठ्यांचं बायोमेट्रिक परवा आहे.

सी-५०२: मग आधी ते थांबवा. जुनी चावी हातात आल्याशिवाय नवीन कराराची तारीख पक्की करायची नाही. मुद्रांक भरण्याआधी मसुद्यात तारीख बदलणं सोपं. नोंदणी झाली की पुन्हा कागद करा, पुन्हा सगळ्यांचे अंगठे घ्या.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती. सामानाचा टेम्पो सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळेतच आत येईल. रविवारी नाही. लिफ्टला आतून प्लाय लावल्याशिवाय सामान चढवू नये.

डी-१०१: एवढं कशाला? १ तारखेला पाणी बंद करा, दोन तारखेला घर रिकामं 😄

ए-११०३: असले सल्ले ग्रुपवर देऊ नका. पोलिसात तक्रार मालकावरच होते.

डी-१०१: विनोद होता साहेब.

ए-११०३: स्क्रीनशॉट काढणाऱ्याला विनोद कळत नाही.

ए-३०२: आम्ही भाडेकरूही याच ग्रुपवर आहोत, एवढी आठवण असू द्या. मालक मंडळी दोन महिने आधी विचारतच नाहीत की राहणार की जाणार. शेवटच्या महिन्यात अचानक "दहा टक्के वाढवा नाहीतर सोडा." मग माणूस घर शोधणार कधी?

सी-५०२: ए-३०२ चं म्हणणं बरोबर आहे. नोटीस एक महिन्याची असली तरी विचारणा ६०-७० दिवस आधी, आणि लेखी. तोंडी "बघू हो काका" म्हणजे उत्तर नव्हे.

सी-५०२: बी-७०४, आता करायचं ते. जुन्या भाडेकरूंकडून सहीचं पत्र घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात. करार ३१ ऑगस्टला संपला हे मान्य. १५ सप्टेंबर संध्याकाळी ५ पर्यंत रिकामा ताबा. पंधरा दिवसांची रक्कम "वापराची नुकसानभरपाई" म्हणून, भाडं म्हणून नाही, बँकेतून पाठवतानाही तेच लिहायचं. त्यापुढे दिवसाला दुप्पट, अनामतीतून वजा. नेहमीचं भाडं निमूट घेतलंत तर उद्या "मालकांनी मुदत वाढवून दिली" म्हणायला जागा राहते.

बी-७०४: आणि नवीन पार्टी?

सी-५०२: २० सप्टेंबर द्या. १६ नको. मधले पाच दिवस लागतातच. आधी प्लंबर आणि वायरमन, मग भिंतींचं टचअप, मग साफसफाई, शेवटी पेस्ट कंट्रोल. उलट केलंत तर स्वयंपाकघरात लावलेली झुरळांची जेल पहिल्याच पुसण्यात जाते. पूर्ण रंगकाम काढू नका, पावसाळी हवेत पुट्टी वाळत नाही आणि दोन महिन्यांत पापुद्रे येतात.

ए-६०१: पितृपक्ष कधी लागतोय ते बघा हो. नवीन लोक त्यात सामान हलवणार नाहीत. आधीच विचारून घ्या, नाहीतर २० चे ३० होतील.

सेक्रेटरी: टेम्पो १० ते ५. रविवारी नाही. करार नोंदवला की प्रत आणि पोलीस पडताळणीची पावती ऑफिसात द्यावी. एनओसीशिवाय प्रवेश नाही.

ए-११०३: एनओसी कुठल्या उपविधीत आहे? आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने आठ दिवस आधी कळवायचं. कळवायचं, परवानगी मागायची नाही. बिनभोगवटा शुल्कसुद्धा (मालक स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, २००१ चा शासन आदेश आहे.

सेक्रेटरी: साहेब, आपण मागच्या सभेला आला असतात तर हे तिथेच बोलता आलं असतं.

ए-११०३: सभेची सूचना १४ दिवस आधी मिळाली असती तर आलो असतो.

डी-१०१: 🍿

बी-७०४: कृपया विषयावर या. एजंटचा आत्ता फोन आला. म्हणतो करार ११ महिन्यांचाच करा, नोंदणीची कटकट नको.

सी-५०२: चूक. महाराष्ट्रात त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे ११ महिन्यांचाही करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ११ चा खरा फायदा एजंटला, दर नूतनीकरणाला दलाली.
मालकाचा तोटा वेगळाच. जूनमध्ये सुरू केलेला करार एप्रिलअखेर संपतो, पुढचा मार्चअखेर, त्यापुढचा फेब्रुवारीअखेर. असा सरकत सरकत एक दिवस भर पावसात येऊन बसतो. कुटुंबं घर बदलतात एप्रिल-मेमध्ये, शाळा जूनमध्ये उघडते म्हणून. फेब्रुवारीत रिकाम्या झालेल्या घराला विचारणारे कमी. म्हणून महिने मोजू नका, शेवटची तारीख आधी ठरवा. २० सप्टेंबरपासून २० महिने केलेत तर १९ मे येते. रंगकामही उन्हात.

सी-८०३: मुद्रांक जास्त नाही का पडणार?

सी-५०२: दर तोच, एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, शिवाय परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून. नोंदणी शुल्क दर दस्ताला लागतं, म्हणजे लांब करार उलट स्वस्त. ६० महिन्यांपर्यंत हीच पद्धत. लॉक-इन, म्हणजे करार मोडता येणार नाही असा काळ, सहा महिने ठेवा, आणि शेवटच्या महिन्यात ठरलेल्या वेळी घर दाखवू द्यायचं हे कलम टाका.

बी-७०४: बाजूच्या सोसायटीत पाच टक्के जास्त देतायत म्हणे. थांबू का?

सी-५०२: एक महिना रिकामं राहिलं तर तो तोटा पाच टक्के वाढीतून भरून यायला २० महिने लागतात. म्हणजे तुमचा अख्खा करार. शिवाय मेंटेनन्स तुमच्याच खिशातून.

ए-३०२: आणि अनामत? चावी दिल्याच्या दिवशी मिळणार की "नवीन पार्टीचे आले की देतो"? इथे सगळ्यांचं तेच चालतं. नावं घेत नाही.

डी-१०१: भाडेकरूही शेवटचे दोन महिने भाडं न देता "अनामतीतून कापा" म्हणतात. तेही लिहा.

ए-३०२: कारण परत मिळत नाही हे माहीत असतं, दादा.

सी-५०२: दोघांनाही एकच. चावीच्या दिवशी मीटरचा फोटो, गॅसचं रीडिंग. वीजबिल मागाहून येतं, म्हणून मागच्या बिलाची रोजची सरासरी काढून बिल न आलेल्या दिवसांचेच पैसे रोखा, बाकी त्याच दिवशी बँकेत. खिळ्यांची भोकं, फिकट झालेला रंग ही वापरातली झीज, ते पैसे कापायचे नाहीत. फुटलेलं बेसिन कापा, पण राहायला आले तेव्हाचा फोटो असेल तरच.

खजिनदार: ७०४, जुन्यांचा पार्किंग स्टिकर आणि दोन गेट कार्ड जमा करून घ्या. मागच्या वेळी एक आलंच नव्हतं.

बी-७०४: हो. पत्राचा मसुदा रात्री टाकते. काका, सी-५०२, दोघांनी बघून घ्या. नवीन पार्टीने २० मान्य केलीय, पण सामान रविवारी आणतो म्हणतात.

सेक्रेटरी: रविवारी नाही.