पिसवा नव्हेत, कोळंबीचे भाऊबंद

किनाऱ्यावर टुणटुण उडणारे बारके जीव, म्हणजे सँडहॉपर, या पिसवाच आणि त्या चावतात, असं कुणी कुणी म्हणतं. बिचाऱ्यांवर नाहक आळ! हे कवचधारी प्राणी, कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले. रक्ताशी त्यांना काही घेणंदेणं नाही. लाटांनी फेकलेलं, कुजायला लागलेलं शैवाल हेच त्यांचं जेवण.

उडी मात्र बघण्यासारखी. पिसू पायांच्या जोरावर उडते, हे शेपटीच्या. पोटाखाली दुमडलेलं शरीराचं मागचं टोक झटक्यात सरळ झालं की स्वारी हवेत, मग पडेल तिथे पडेल! ओल्या शैवालाचा ढीग उचलून बघा, दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखे फिकट करडे जीव कुशीवर वळवळताना दिसतील. श्वास कल्ल्यांनी, म्हणून ओल हवीच; दिवसा वाळूत गाडून घेतात, रात्री चरायला बाहेर.

मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं दिशाज्ञान. १९५० च्या दशकात पार्डी आणि पापी या इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हे सूर्यावरून समुद्राची दिशा ओळखतात. सूर्य दिवसभर सरकतो, त्याचा हिशेब त्यांच्या अंगातलं घड्याळ ठेवतं. रात्री चंद्रावरही काम भागतं.