नवऱ्याच्या निधनानंतर हप्ते आणि निराधार योजना: आधी काय करायचं?

गटसखी:
बचत गटातल्या एका ताईंसाठी विचारते आहे. वय ३६, मुलं ९ आणि १३ वर्षांची. यजमान ४१व्या वर्षी आजारपणात गेले, दीड महिना झाला. ताईंच्या नावावर मायक्रोफायनान्सची दोन कर्जं आहेत, हप्ता मिळून महिन्याला ४,१००. यजमानांच्या नावावर बँकेचं दुचाकीचं कर्ज, त्यात ताई सहकर्जदार नाहीत. शिवाय सावकाराचे २५,०००, महिना ५ टक्क्यांनी. वसुलीवाला रोज दारात येतो म्हणून त्या मंगळसूत्र मोडायला निघाल्यात. आधी कोणता हप्ता भरावा? निराधारचे पैसे आले तर तेही कर्जात जातील का?

हिशेबनीस:
मंगळसूत्र राहू द्या. हप्ता भरण्याआधी विमा शोधा.

मायक्रोफायनान्सचं कर्ज बाईच्या नावावर असलं तरी बऱ्याचदा कर्जविमा नवरा-बायको दोघांचा असतो. कर्जाचं कार्ड आणि वाटपाची पावती काढा. ४०,००० मंजूर होऊन हातात ३८ हजारच्या आसपास आले असतील, तर मधली रक्कम प्रक्रिया शुल्क आणि विमा यांत गेलेली असते. विमाधारकांत यजमानांचं नाव असेल तर उरलेल्या कर्जाचा दावा टाकता येतो. मृत्यूचा दाखला, दोघांचं आधार, कार्डाची झेरॉक्स आणि लेखी अर्ज शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. वसुलीवाल्याला तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. दावा अडकतो तो बहुधा नावात: दाखल्यावर एक, आधारवर दुसरं. ती दुरुस्ती आधी करून घ्या.

मग यजमानांचं पासबुक घ्या आणि मेअखेर-जूनच्या नोंदी बोट ठेवून वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना. मृत्यू कशानेही झाला तरी वारसाला २ लाख मिळतात. फक्त नव्याने नोंदणी केलेल्यांना पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून संरक्षण नसतं. २० रुपयांची नोंद म्हणजे सुरक्षा विमा. तो अपघाताचाच, इथे लागू नाही. दावा ३० दिवसांत टाकणं अपेक्षित असतं. ते उलटलेत, तेव्हा उशिराचं कारण लिहून उद्याच द्या.

दुचाकीचं कर्ज: ताईंची सही जामीनदार म्हणूनही नाही ना, हे करारावर बघा. नसेल तर त्यांच्या मजुरीतून ते फेडायची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. वारसाची जबाबदारी मयताच्या मालमत्तेतून जेवढं हाती आलं तेवढ्यापुरतीच. गाडी मात्र बँकेकडे तारण आहे. ठेवायची नसेल तर लेखी पोच घेऊन परत करा आणि किती रुपयांना विकली, त्याचा हिशेब मागा.

तहसील कट्टा:
संजय गांधी निराधारमध्ये विधवा बसते. महिना १,५०० रुपये. खरी अडचण उत्पन्नाची: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं आणि दाखल्यात यजमानांची कमाई धरली गेली की अर्ज तिथेच संपतो. म्हणून उत्पन्नाच्या अर्जालाच मृत्यूचा दाखला जोडा आणि कमावणारं माणूस गेल्याचं स्वयंघोषणापत्रात तारखेसह लिहा. तलाठ्याच्या चौकशीच्या वेळी ताई घरी असाव्यात. १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावाही लागतो.

लाडकी बहीण चालू असेल तर दोन्ही मिळत नाहीत. निराधारचा मंजुरी आदेश हातात येईपर्यंत आहे ते सोडू नका.

घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्याचे एकरकमी २०,००० वेगळे. कमावती व्यक्ती १८ ते ५९ वयात गेली पाहिजे, ते इथे बसतं.

सगळ्यात जास्त राहून जाते ती बालसंगोपन योजना, कारण ती तहसीलमध्ये नसते, कुणी सांगतही नाही. एक पालक गेलेल्या मुलाला महिना २,२५०, दोन मुलांचे ४,५००. म्हणजे ताईंच्या दोन्ही हप्त्यांपेक्षा जास्त. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची.

गटसखी:
एका कार्डावर विमा सापडला, यजमानांच्या नावासकट! दुसऱ्यावर फक्त ताईंचं नाव आहे. त्या संस्थेचा माणूस रात्री ८ नंतर येतो.

पासबुकवाला:
मायक्रोफायनान्सची वसुली सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ एप्रिल २०२२ पासूनचा. दंडही थकलेल्या हप्त्यावरच, सगळ्या कर्जावर नाही. संस्थेला लेखी तक्रार द्या आणि त्याच अर्जात मुदत वाढवून हप्ता कमी करायची मागणी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, मदतीसाठी १४४४८.

निराधारचं अनुदान कोणत्या खात्यात घ्यायचं, त्याबद्दल: दुचाकीवाली बँक ताईंच्या खात्याला हात लावणार नाही, त्या कर्जदारच नाहीत. धोका आहे तो त्यांनीच सही केलेल्या ऑटो-डेबिटचा, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या परवानगीचा. खात्यात शिल्लक नसताना हप्ता ओढला की तो परत गेल्याचं शुल्क लागतं, आणि अनुदान जमा होताच आधी ते वळतं होतं. म्हणून ऑटो-डेबिट नसलेलं खातं उघडा, पोस्ट पेमेंट्स बँकेचं चालेल, आणि आधार त्या खात्याला जोडायचा फॉर्म भरा. अनुदान आधारला शेवटी जोडलेल्या खात्यातच पडतं, अर्जावर कोणताही नंबर लिहा. जोडणी झाली का, ते माय आधार संकेतस्थळावर बँक सीडिंगमध्ये (बँकजोडणीत) दिसतं.

सावकार शेवटी. महिना ५ टक्के म्हणजे १,२५० व्याज, २० महिन्यांत मुद्दलाएवढं. परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. परवाना नसेल तर तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे. आत्ता नवा स्टॅम्प पेपर किंवा कोरा चेक मागितला तर सही करू देऊ नका. वकील लागलाच तर तालुका विधी सेवा समिती, महिलांना उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर फोन करा.