मदत हवी आहे: जुन्या यॉटचं इंजिन तापतंय
मंडळी, काकांची जुनी मोटर यॉट बेलापूरच्या खाडीत असते, डिझेल इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत बसवलेलं), आयडलला एकदम शांत पण २००० आरपीएमच्या वर नेलं की टेंपरेचर चढत ९५ अंशांच्या पुढे. सी-स्ट्रेनरमध्ये (इंजिन थंड करायला खाडीचं पाणी आत येतं तिथली गाळणी) नुसता चिखल आणि पिशवीचा तुकडा (आपली खाडी, दुसरं काय निघणार), तो साफ केला, इम्पेलरही (ते पाणी ओढणाऱ्या पंपाचं पात्यांचं चाक) नवा टाकला. जुन्याची दोन पाती गायब होती, ती हीट एक्स्चेंजरच्या (खाडीच्या पाण्याने इंजिनचं कूलंट थंड करणारा भाग) तोंडाशी अडकली असणार असं वाटतंय. एक्झॉस्टमधून पाणी कमी, वाफच जास्त. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, मला काही पटत नाही. आधी एक्स्चेंजर उघडू की एक्झॉस्ट एल्बो (धुरात पाणी मिसळून बाहेर जातं तो वाकडा पाइप)? ठाणे-वाशीकडे कोणी मरीन डिझेलवाला माहीत असेल तर सांगा प्लीज, ओहोटीला बोट चिखलात बसते म्हणून भरती बघूनच बोलवावं लागेल.