मदत हवी आहे : फिलिप्प एक की दोन?

मंडळी, आमच्या रविवारच्या बायबल अभ्यासात मी 'फिलिप्प' हे नाव घेतलंय आणि अडकलोय.

अर्थ सोपा आहे. ग्रीक 'फिलोस' म्हणजे प्रिय आणि 'हिप्पोस' म्हणजे घोडा, म्हणून 'घोड्यांची आवड असणारा'. मॅसेडोनियाच्या राजांचं नाव बेथसैदा गावच्या यहुदी मुलाला (येशूच्या बारा शिष्यांतल्या फिलिप्पला) कसं, हे कोडंही सुटतं : अलेक्झांडरनंतर त्या भागात ग्रीक नावं रुळली होती. हेरोद राजाच्या एका मुलाचं नावही हेच.

गोंधळ पुढे आहे. बारा प्रेषितांतला फिलिप्प वेगळा. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अध्याय ६ मध्ये सेवेसाठी निवडलेल्या सात जणांतला वेगळा; तो शोमरोनात (समरियात) गेला, इथिओपियाच्या राणीच्या खजिनदाराला त्यानं बाप्तिस्मा दिला. अध्याय २१ मध्ये तो कैसरियात राहतो, आणि त्याच्या चार अविवाहित मुली देवाचा संदेश देतात.

पण दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इफिसचा बिशप पॉलिक्रेटीस लिहितो की बारांपैकी फिलिप्प हिएरापोलिसला चिरनिद्रा घेतोय, आणि मुलींचा उल्लेख त्याच्याच नावावर करतो! हे पत्र युसेबियस या चर्चच्या इतिहासकारानं जपलं. हिएरापोलिस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं पामुक्कले. २०११ साली तिथं फिलिप्पची कबर सापडल्याचा दावा इटालियन उत्खननकारांनी केला.

मला वाटतं, दोघांच्या आठवणी एकमेकांत मिसळल्या. तुम्हाला काय वाटतं? दोघांनाही मुली होत्या असं मानायला काही आधार आहे का? यावर मराठीत काही वाचलं असेल तर नक्की सांगा. येत्या रविवारी वर्ग आहे, आणि आमच्याकडचे आजोबा नेमका हाच प्रश्न विचारणार.